चिंधी बांधलेला दोडका

उभे राहा सगळे. ही प्लास्टिकची पिशवी कुणी बांधली? गाठ सोडा आणि वास घ्या. आतून घाम सुटलाय, भेंडीच्या बियांवर पांढरी बुरशी धरलीय. चार महिने परसबाग खुरपली आणि शेवटी ओलं बी पिशवीत कोंबून कपाटात फेकलं. लाज वाटायला पाहिजे!

आणि वेलावरचा तो थोराड दोडका? मी त्याला लाल चिंधी बांधली होती. चिंधी बांधली म्हणजे फळ बियाण्याला सोडलंय, हे घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तुम्ही तो तोडून खिचडीत घातलात. आता उरलेत ते शेंड्याचे, वाकडे, किडके. त्यांचं बी धरून काय पिकवणार? बियाण्याला सरस फळ ठेवायचं, तेही निरोगी झाडाचं. दोडका वेलावरच वाळून खुळखुळला पाहिजे. वांगं पिवळं पडू द्यायचं, मग गर पाण्यात कुस्करायचा. तरंगेल ते टाकायचं, बुडेल ते सावलीत वाळवायचं. दाताखाली कट्‌कन फुटलं तर वाळलं. दबलं तर ओलं आहे, पुन्हा पसरा.

"सर, दुकानात पाकीट मिळतं की," असं परवा कोण म्हणालं? पाकिटातलं बरंचसं बी संकरित. त्याचं बी धरलं तर पुढची झाडं सारखी निघत नाहीत, म्हणून दरसाल नवं पाकीट. त्यात आपल्या बीडात पावसानं ताण दिला की दुबार पेरणी. कोयता चालवून आणलेले पैसे आहेत ते तुमच्या आईबापाचे!

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणं जपलं, गावोगावच्या बायकांना दिलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तुम्ही सातवीत आहात आणि तुम्हाला भेंडी वाळवता येत नाही.

नवरात्रात घटाला शेतातली माती आणता, धान्य पेरता. कोणतं तरारलं, कोणतं उगवलंच नाही, हे कधी निरखलंत? बियाण्याची परीक्षा देवघरात होते आणि तुम्ही नुसता टोपीत तुरा खोवून हिंडता.

दसरा झाला, आता ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघतील. त्याआधी घरी आजीला विचारा, राखेत काय ठेवलंय, निंबाच्या पाल्यात काय. ज्यांना आईबापासोबत फडावर जावं लागणार आहे, त्यांनी बियाणं माझ्याकडे आणून द्यावं. मृगाच्या आधी परत मिळेल. कागदाची पुडी, वर पिकाचं नाव, तुमचं नाव, तारीख. नाव नसलेली पुडी मी घेणार नाही.