दामाजींची पावती

मंगळवेढ्याचे दामाजीपंत म्हणजे बिदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांना खुली केली आणि हाताखालच्याच माणसाने वर चुगली केली. पुढचं पंढरपुरात पोराटोरांनाही ठाऊक असतं. शिपाई दामाजींना धरून नेतात, वाटेत ते विठोबाचं दर्शन घेतात आणि तिकडे विठू महार होऊन देव दरबारात पैसे मोजतो, पावती घेतो. महिपतींच्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे. भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवला तर हा सरळ अफरातफरीचा खटला. बचाव एकच: रक्कम भरली, ही पावती.

हा बचाव आपल्या अंगवळणी पडला आहे. साखर कारखान्यांच्या आणि पतसंस्थांच्या या मुलखात आजही ऐकू येतं, ‘पैसे भरले की मिटलं.’ सहकार कायद्याच्या कलम 88 खाली संचालकांवर निश्चित झालेली नुकसानभरपाई भरली, तर वसुलीपुरतं मिटतंही. फौजदारीत नाही. रामकृष्ण दालमियांनी भारत इन्शुरन्सचा पैसा भरून दिला, तरी 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषीच ठरवलं. पावती शिक्षा हलकी करायला उपयोगी पडते, गुन्हा पुसायला नाही.

मग बचावाचा मोर्चा हेतूकडे वळला. कंपनीने केलं म्हणून अध्यक्षाने केलं, असं आपोआप धरायचं का? सुनील भारती मित्तल प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. त्या माणसाचा प्रत्यक्ष सहभाग आणि गुन्हेगारी हेतू दाखवा, नाहीतर पदावरच्या माणसाला जबाबदार धरणारं कलम तरी दाखवा.

तेव्हापासून वकील पावतीआधी प्रोसिडिंग बुक मागतो. ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’, खाली ओळीने सह्या. सभेत तोंडी केलेला विरोध तिथे सापडत नाही. कर्जाची फाईल न वाचता केलेली सही मात्र ठळक असते. ‘मला माहीतच नव्हतं’ हा बचाव मला नैतिकदृष्ट्या फारसा रुचत नाही. वाचणं हेच तर संचालकाचं काम. पण निष्काळजीपणा म्हणजे लबाडी नव्हे, हा भेद मोडला तर तुरुंगात जाणारा माणूस पदावरून ठरेल, कृत्यावरून नाही.

या कसोटीवर गंमत अशी, की दामाजी अधिक अडचणीत येतात. त्यांना सगळं माहीत होतं, कुलूप त्यांच्याच हुकमाने उघडलं. स्वतःसाठी दाणाही घेतला नाही, हे खरं. पण कायद्याच्या व्याख्येत दुसऱ्याला गैरमार्गाने लाभ करून देणं किंवा मालकाचं नुकसान करणं हाही अप्रामाणिकपणाच. त्यांच्या वकिलाला दुष्काळ पुराव्याने मांडावा लागला असता: अंमलदाराला किती अधिकार होते, बिदरला विचारायला वेळ होता का, किती माणसं मरत होती.

आणि आता वारं पुन्हा फिरलं आहे. मनी लाँडरिंगच्या कायद्यात आरोपी निर्दोष असल्याचं मानायला सकृद्दर्शनी आधार आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय सहसा जामीन नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट कायम ठेवली. ईडीच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला सहीचा जबाबही पुरावा म्हणून वापरता येतो. म्हणून अशा प्रकरणात आरोपपत्राची वाट पाहणारा वकील उशिरा पोचलेला असतो. काम समन्स हातात पडतं त्या दिवशी सुरू होतं, जुने ठराव, मेल आणि व्हाउचर तारीखवार लावण्यापासून.