राजाची आई आणि आपली फूटपट्टी



आमच्या पोंभुर्णा भागातील एका शाळेत मी शिक्षक आहे. तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपून एक आई मुलाचे नाव घालायला आली. "बापाचं नाव?" मी विचारले. ती खाली पाहू लागली. मागे उभे असलेले दोघे हसले. मुलाने आईच्या तोंडाकडे पाहिले. मी मात्र हसणाऱ्यांना काहीच बोललो नाही. मुकाट्याने पुढचा रकाना भरला.

तेव्हापासून मला तंजावरची अन्नपूर्णा आठवते. भोसले घराण्यातील राजे तुकोजी १७३६ साली वारले. अन्नपूर्णेची गणना त्यांच्या लग्नाच्या राण्यांत नव्हती, ती उपस्त्री. पुढे गादीसाठी भांडणे झाली आणि १७३९ साली तिचाच मुलगा प्रतापसिंह राजा झाला. १७४९ साली इंग्रज कंपनी 'खऱ्या वारसा'चा कैवार घेऊन त्याच्यावर चालून गेली. देवीकोट्टईचा किल्ला हाती पडताच त्याच कंपनीने प्रतापसिंहाला राजा मानले. एका किल्ल्याने जन्माचा कलंक धुऊन निघाला! मग तो कलंक मुळात होता कोठे?

कोणी म्हणेल, शेवटी ती राजमाता झाली, आणखी काय हवे? पण विचार करा. मुलाला गादी मिळालीच नसती तर? उपस्त्री म्हणून हिणवणारे आणि राजमाता म्हणून वाकणारे, दोघांचीही फूटपट्टी एकच. बाई कोणाची, एवढेच ते पाहतात. तिचे शील, तिचे कष्ट, तिची माया यांना त्या फूटपट्टीवर जागाच नाही.

माणूस जन्माने नव्हे, कर्माने श्रेष्ठ किंवा हीन ठरतो, ही तथागतांची शिकवण. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्या चांद्यात याच धम्माची दीक्षा दिली. जन्माच्या ज्या फूटपट्टीने आपल्या पिढ्या मोजल्या गेल्या, ती आपण टाकली. मग वस्तीतल्या एकट्या आईला मोजण्यासाठी तीच पुन्हा हातात घ्यायची काय?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर सरकारी कागदांवर आईचे नाव लावणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे. कागद बदलला; आपली नजर बदलली काय? येत्या जूनमध्ये मी आधी आईचे नाव विचारणार आहे. आणि कोणी हसलेच, तर या वेळी गप्प बसणार नाही. तुम्हीही बसू नका.