फरशीखालचा मुकुट

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल एका ठेवीविषयी आज्ञा करतो (२ तीमथ्य १:१४). ठेव सांभाळणे म्हणजे काय, याचा विचार करताना मला स्कॉटलंडच्या राजचिन्हांची हकीकत आठवते.

१६४९ साली इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद झाला आणि तेथील राज्याभिषेकाची बहुतेक भूषणे पार्लमेंटच्या हुकुमाने वितळवण्यात वा विकण्यात आली. स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड व तलवार १ जानेवारी १६५१ रोजी दुसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकात वापरली गेली. पुढे ती समुद्रकाठच्या डनॉटर किल्ल्यात ठेवली. क्रॉमवेलच्या सैन्याने किल्ल्यास वेढा घातला. १६५२ च्या मे महिन्यात किल्ला पडला, पण राजचिन्हे तेथे नव्हती! जवळच्या किनेफ गावच्या पाळकीणबाई, ख्रिश्चन फ्लेचर, यांच्या साहाय्याने ती आधीच बाहेर पडली होती. त्यांचे पती जेम्स ग्रेंजर यांनी मुकुट व राजदंड व्यासपीठासमोर फरशीखाली पुरले, तलवार पश्चिमेकडील बाकांमध्ये. राजदंड व तलवार या पोपांनी पूर्वी दिलेल्या भेटी, आणि राखणदार प्रॉटेस्टंट पाळक. देवाच्या घरात असेही घडते.

ओलीने ती खराब होऊ नयेत म्हणून हे दांपत्य दर तीन महिन्यांनी रात्री ती उकरून काढी, विस्तवापुढे वाळवी आणि पुन्हा पुरी, असे सांगतात. दृष्टांतातील दासानेही धन्याचा पैसा जमिनीतच पुरला होता (मत्तय २५). मात्र मध्यंतरी त्याने तो एकदाही हाती घेतल्याचे लिहिलेले नाही.

१६६० साली राजा परतला व ठेव परत गेली. पुढे १७०७ साली दोन्ही राज्यांची पार्लमेंटे एक झाली, तेव्हा हीच राजचिन्हे एडिंबरोच्या किल्ल्यात पेटीत कुलूपबंद झाली. ती लंडनला नेली असावीत, अशी वदंता उठली. १८१८ साली सर वॉल्टर स्कॉट आदींनी पेटी उघडली, तो सारे जागच्या जागी! एकशेअकरा वर्षे त्यांना कोणी हात लावला नव्हता.

बडोदे, हैदराबाद, बंगळूर येथे स्थायिक झालेल्या आपल्या किती घरांत आजोबांचे मराठी पवित्र शास्त्र कापडात गुंडाळून कपाटात आहे! त्याला वाळवी लागलेली नाही, पान फाटलेले नाही. नातवंडांना मात्र ते वाचता येत नाही. आज रात्री ते बाहेर काढा आणि मुलांना जवळ बसवून एखादे स्तोत्र त्यांच्याकडून वाचून घ्या. ती अडखळतील, हसतील, हसू द्या.