चालवणारा पाय आणि थांबवणारा पाय

माणसाला पुढे नेणारी आणि त्याला आवरणारी शक्ती एकच असावी की दोन वेगळ्या असाव्यात, हा नीतिविचारातला फार जुना प्रश्न आहे. सायकलीच्या मागच्या हबमध्ये तो लोखंडाच्या रूपात समोर येतो. आपल्याकडच्या जुन्या सायकलींना हँडलखालच्या सळ्यांचे ब्रेक असत, त्यामुळे कोस्टर ब्रेक बहुतेकांच्या पायाखालून गेलेला नाही. त्यात ब्रेकसाठी हाताला काहीच काम नसते. पेडल पुढे मारले की सायकल चालते, थांबवले की ती आपोआप घरंगळते आणि उलटे दाबले की हबच्या आतला ब्रेक लागतो. ज्या पायाने वेग दिला त्याच पायाने तो परत घ्यायचा. आत्मसंयमाची यापेक्षा नेटकी प्रतिमा सापडणे कठीण. म्हणूनच घरी सायकल बांधणाऱ्या अनेकांना या साधेपणाचा मोह पडतो आणि त्यात गिअरही हवेत असे वाटते. अडचण सुरू होते ती इथे.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत काही तरुण श्विन एक्सेलसिअरसारख्या जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून उतरवत असत. १९७६ पासून त्यांच्यातल्या चार्ली केलीने तिथे ज्या उतरणीच्या शर्यती भरवल्या, त्यांचे नावच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणे’, असे पडले. सुमारे दोन मैलांत तेराशे फुटांची ती उतरण संपेपर्यंत कोस्टर ब्रेक इतका तापे की हबमधले ग्रीस जळून धूर निघे आणि नवे ग्रीस भरावे लागे. चढण चढायला गिअर हवे होते, पण चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर आणि कोस्टर ब्रेक एकत्र नांदत नाहीत. डिरेलरची स्प्रिंगवर डुलणारी भुजा चेनचा खालचा सैल भाग सांभाळते. उलटे पेडल दाबले की सगळा ताण नेमका त्याच भागावर येतो. ब्रेक लागण्याऐवजी भुजाच ओढली जाते. त्यांच्यातल्याच गॅरी फिशरने गिअर बसवले तेव्हा कोस्टर सोडून ड्रम ब्रेक घेतले ते यामुळेच. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझने डोंगरासाठीच खास फ्रेम बांधली आणि माउंटन बाइकचे युग सुरू झाले.

मग दोन्ही एकत्र येऊच शकत नाहीत का? येतात, पण गिअर हबच्या आत असतील तर. तिथे चेनची लांबी बदलत नाही, म्हणून उलटा ताण नीट पोचतो. मात्र स्टर्मी-आर्चर कंपनीच्या टीसीडब्ल्यू या तीन गिअरच्या जुन्या हबमध्ये ब्रेकचा जोर गिअरच्या चाकांतूनच जात असे. वरच्या गिअरमध्ये, म्हणजे वेग सर्वांत जास्त असताना, ब्रेक सर्वांत दुबळा. गिअरची केबल थोडी सरकली आणि हब दोन गिअरच्या मध्ये अडकला, तर पेडल मोकळे फिरे आणि त्याबरोबर ब्रेकही जाई. नंतरच्या रचनांमध्ये हा दोष काढावा लागला. माझ्या मते सगळा प्रश्न इथे उलगडतो. चालवणारा आणि थांबवणारा एकच असायला हरकत नाही. पण थांबण्याची वाट वेगाच्या निवडीतून जाता कामा नये. ती तशी गेली, की जेव्हा आवर घालण्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच आवर सर्वांत कमी उरतो.

यावर कोणी म्हणेल, हबच्या रचनेवरून माणसाच्या मनाविषयी काय सिद्ध होणार? सिद्ध काहीच होत नाही, हे मान्य. पण जे आपण मनाविषयी नुसते बोलतो ते इथे तपासता येते. आणि मनाचा विचार करणारेही याच ठिकाणी पोचलेले दिसतात. कठोपनिषदातल्या रथात इंद्रिये घोडे आहेत. लगाम आणि सारथी त्यांच्याहून वेगळे आहेत. चित्तवृत्तींच्या निरोधासाठी पतंजलींनी अभ्यास आणि वैराग्य अशी दोन साधने सांगितली, एकावर भागवले नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खरा संयम आतूनच येतो, बाहेरचा दुसरा ब्रेक म्हणजे स्वतःवरचा अविश्वास. हे मला पटत नाही. कोस्टर ब्रेकचा पाय कितीही शहाणा असो, चेन उतरली की त्याच्या हाती काही राहत नाही. हेतू शुद्ध असूनही साधन तुटते. दुसरा ब्रेक लावणारा ही शक्यता ओळखतो, एवढेच.

सायकल माझी, मीच बांधलेली, धोकाही माझाच, हा युक्तिवाद मोकळ्या माळावर चालेल. रस्त्यावर समोरून चालत येणाऱ्या मुलाने तो धोका पत्करलेला नसतो. जर्मनीत कोस्टर ब्रेकच्या सायकली घरोघरी आहेत, तरी तिथला वाहतूक नियम सायकलीला परस्परांपासून स्वतंत्र असे दोन ब्रेक मागतो. घरी सायकल बांधणाऱ्यांनी निदान इतके करावे: कोस्टर हबची, ब्रेकचा उलटा जोर पेलणारी प्रतिक्रिया-भुजा फ्रेमच्या नळीला घट्ट आवळावी, पुढच्या चाकाला हाताचा ब्रेक बसवावा, आणि मगच गिअरच्या केबलला हात घालावा.