नुसते एकच एक

दादरहून कल्याण लोकल पकडली की वाटेत डोंबिवली लागते. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात या स्थानकाला डेम्लो म्हणत, आणि १, १२१, १२३२१ या संख्यांच्या कुळाचा विचार दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना तिथेच सुचला. म्हणून त्या डेम्लो संख्या. ११, १११ यांचा वर्ग केला की त्या हाती येतात. कापरेकर पुढे देवळालीच्या शाळेत मास्तर झाले आणि आयुष्यभर अंकांशी खेळत राहिले. त्या खेळाला हसणारे गणितीही होते.

नुसत्या एकांनी लिहिलेली संख्या दिसायला भलतीच शिस्तीची. ११ मूळ आहे. १११ मात्र ३ गुणिले ३७. एकांची संख्याच फुटत असेल, तर लिहिलेली संख्याही फुटते: सहा एक म्हणजे ११ गुणिले १०१०१. उलट मात्र खरं नाही. ५ मूळ असूनही पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. दोन, एकोणीस, तेवीस एकांनंतर पुढची मूळ संख्या थेट ३१७ एकांची, तिच्यापुढची १०३१ एकांची. ही शेवटची मूळ असल्याचं सिद्ध झालं १९८६ मध्ये, कापरेकर गेले त्याच वर्षी.

हसणाऱ्यांचा आक्षेप असा, की अंक हा लिहिण्याचा योगायोग. आपल्याला दहा बोटं, म्हणून दशमान. ३७ कशीही लिहा, मूळच राहणार. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिती के. रामचंद्र लागोपाठच्या संख्यांतला मोठ्यात मोठा मूळ अवयव किती मोठा असतो, हे शोधत होते. त्या गणिताला दशमानाशी काही देणंघेणं नाही.

आक्षेप मला पटतो, पण अर्धाच. द्विमानात नुसते एक लिहिले की २ च्या घातातून १ वजा केल्यावर येणारी संख्या मिळते. दशमानात फुटणारे पाच एक इथे ३१ होतात, मूळ! या आकाराला ल्यूका-लेमर कसोटी लागू पडते: ४ पासून सुरुवात, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. ३१ साठी ४, १४, ८, ०. शेवटी शून्य आलं, संख्या मूळ. घात जितका, त्याहून दोन कमी पायऱ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या द्विमानात १३,६२,७९,८४१ एकांची आहे. दशमानात तिचे अंक ४,१०,२४,३२०. तेवढ्याच अंकांची दुसरी कुठलीही संख्या समोर ठेवली, तर बहुधा यंत्रही हात टेकेल. म्हणजे विक्रम मोडतो तो आकाराच्या जोरावर.

आणि हा आकार निव्वळ विक्रमापुरता नाही. व्हॉट्सॲपच्या कुलुपामागे २ चा २५५ वा घात वजा १९ ही मूळ संख्या आहे. २ च्या घाताला ती इतकी खेटून आहे, की बाकी काढणं सोपं जातं, म्हणून तर तिची निवड झाली. द्विमानात तिचे अंक २५५. त्यांत शून्यं दोनच, उरलेले सगळे एक.