आतमसुख आणि गोधडी

जयपूरच्या राजवाड्यातील मुबारक महालात जुन्या राजवस्त्रांचे दालन आहे. सवाई माधोसिंह पहिले यांची वस्त्रे तेथे पाहावयास मिळतात. हा नृपती देहाने असाधारण धिप्पाड व स्थूल होता. त्यामुळे त्याचा झगा पाहून प्रेक्षक आधी हसतो आणि मग विस्मित होतो. सर्व वस्त्रांवरून घालावयाचा, आत कापूस भरून शिवलेला असा हा हिवाळी पायघोळ अंगरखा. या वस्त्रप्रकारास राजस्थानात ‘आतमसुख’ म्हणतात.

संस्कृताचा संस्कार झालेल्या मनास हा शब्द ऐकून थबकावे लागते. आत्मसुख हा शब्द ऋषींनी ज्या सुखासाठी राखून ठेवला, ते विषयांच्या स्पर्शाने उत्पन्न होत नाही आणि त्यांच्या वियोगाने नाहीसे होत नाही. तोच शब्द जयपूरच्या लोकभाषेने कापसाच्या झग्याला देऊन टाकला. एखादे शास्त्रीबुवा यावर कपाळाला आठ्या घालतील. परंतु पौषातल्या रात्रीचा तेथील वारा ज्याने अंगावर घेतला आहे, तो त्या शिंप्यास दोष देणार नाही. तथापि एक गोष्ट महाराष्ट्रीय वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. याच माधोसिंहास गादी मिळून थोडे दिवस होतात न होतात तोच, जानेवारी १७५१ मध्ये, जयपूर नगरात शिरलेल्या मराठ्यांची भीषण कत्तल झाली. मराठ्यांची पैशाची न संपणारी मागणी आणि नगरवासीयांचा साचलेला संताप, दोन्ही त्यामागे होते. राजाच्या अंगाला ऊब होती; नगरात मात्र सुखाचा लवलेश नव्हता.

आतमसुख एकाच्याच मापाने शिवलेले असते. माधोसिंहाचा झगा दुसऱ्या कोणाच्या अंगी लागणे शक्यच नव्हते. त्याच्या अगदी उलट स्वभावाचे वस्त्र म्हणजे आपली गोधडी. तिला माप नाही. ती एकाने पांघरावी, दोघांनी पांघरावी, मधे एखादे मूल ओढून घ्यावे. आणि ती एकाची नसतेच. आजीचे विरलेले लुगडे, आजोबांचे धोतर, लेकीचे आखूड झालेले परकर, असे सारे घर थरावर थर घालून एकत्र येते, आणि धावदोऱ्याच्या ओळी काठाकडून मध्याकडे सरकत जातात. कोठे तिला वाकळ म्हणतात. गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराजही म्हणत, ते त्यांच्या अंगावरील चिंध्यांच्या वस्त्रामुळे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर या भागांत राहणाऱ्या सिद्दी स्त्रिया अशाच जुन्या कापडांची ‘कवंदी’ शिवतात. चारही कोपऱ्यांना त्या दुमडलेल्या कापडाची लहान फुले लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी राहते, अशी त्यांची समजूत आहे. दुसऱ्याचे अंग झाकणारी वस्तू स्वतः उघडी असू नये, ही काळजी त्या निरक्षर म्हणविल्या गेलेल्या स्त्रियांनी घेतली आहे.

हे शिवणकाम प्रायः एकटीचे नसते. दुपारची कामे आटोपली की अंगणात गोधडी पसरली जाते, शेजारणी येतात, एक एक काठ धरून बसतात. बोलावणे पाठवावे लागत नाही आणि मजुरीचा विषय निघत नाही. दूरदेशीही हेच आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत एखादे कुटुंब पश्चिमेकडे कायमचे निघाले म्हणजे तेथील गृहिणीच्या मैत्रिणी कापडाचा एक एक चौकोन शिवीत, त्यावर शाईने आपले नाव लिहीत, आणि ते चौकोन जोडून केलेली रजई तिच्याबरोबर देत. पुन्हा भेट होण्याचा संभव फार थोडा, म्हणून नावे. आजही त्या स्त्रियांत ही रीत आहे की कोणाचे घर जळाले, कोणाचे मूल रुग्णालयात पडले, तर ज्यांनी एकमेकींचे तोंड पाहिलेले नाही अशा बाया दूरदूरच्या गावांहून एक एक तुकडा शिवून धाडतात, आणि कोणीतरी एक जण ते सांधून देते. आजारी मुलांना हाताने केलेली पांघरुणे देण्यासाठी तेथे ‘प्रोजेक्ट लायनस’ नावाचा उपक्रम १९९५ मध्ये सुरू झाला व तो पुढे देशभर पसरला. त्याआधी, ११ ऑक्टोबर १९८७ रोजी, वॉशिंग्टनच्या विस्तीर्ण मैदानावर एड्सने मृत्यू पावलेल्यांसाठी शिवलेले १,९२० कापडी पट मांडले गेले. प्रत्येक पट ३ फूट रुंद व ६ फूट लांब, एका थडग्याएवढा. त्या रोगाने गेलेल्यांना अग्नी वा माती देण्यासही कित्येक जण कचरत होते, अशा दिवसांतली ही गोष्ट आहे.

येथपर्यंत स्तुती सोपी आहे. परंतु शास्त्राचा धाक बाळगणाऱ्यास दोन शंका टाळता येत नाहीत.

पहिली शंका कठोपनिषदातील आहे. वाजश्रवसाने सर्वस्वदानाच्या यज्ञात दूध आटलेल्या, थकलेल्या गाई दिल्या, आणि ते पाहून बाल नचिकेत्याच्या मनात श्रद्धा शिरली. असे देणारा कोठे जाईल, या विचाराने तो अस्वस्थ झाला. निरुपयोगी वस्तू देणे हे दान नसून अडगळ काढणे होय, हाच त्याचा आक्षेप. मग फाटक्या लुगड्यांची गोधडी देणारी स्त्री वाजश्रवसाच्या पंक्तीत का बसू नये?

उत्तर टाक्यात आहे. वाजश्रवसाने गाईंना काहीच जोडले नाही; ज्या स्थितीत त्या त्याला नकोशा झाल्या त्याच स्थितीत त्याने त्या दुसऱ्याच्या दारी बांधल्या. गोधडीत जुने कापड हे केवळ द्रव्य असते. दिले जाते ते त्यावर घातलेले कित्येक दुपारींचे लक्ष, डोळ्यांची शक्ती, सुईने टोचलेले बोट. आणि ही परीक्षा उभयतांस लागू आहे: तेच लुगडे न धुता, न सांधता, गाठोड्यात कोंबून ‘गरिबांना द्या’ म्हणून दाराबाहेर टाकले, तर ती नचिकेत्याची गाय झाली. संक्रांतीच्या सुमारास आपल्या नगरांतून वस्त्रे गोळा होतात. त्यांतील कित्येक गाठोडी सोडण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांस हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना, ज्याने आपल्यावर उपकार केला नाही त्यास, केवळ द्यावयाचे म्हणून दिलेले, असे म्हटले आहे. आणि परतफेडीच्या हेतूने दिलेले ते राजस. आता अंगणात बसलेल्या त्या शेजारणींकडे पाहावे. आज हिची गोधडी, उद्या तिची. ज्या बाया दूरदेशी तुकडे धाडतात, त्यांतील प्रत्येकीस कधी ना कधी तुकडे मिळालेले असतात वा मिळतील असा भरवसा असतो. ही तर सरळ देवाणघेवाण झाली. हिला दान का म्हणावे? असा आक्षेप घेणारा मनुष्य कठोर असेल, पण खोटा नाही.

परंतु त्याच गीतेचा तिसरा अध्याय उघडला असता निराळेच चित्र दिसते. तेथे देव आणि मानव परस्परांचे पोषण करतात. कर्मापासून यज्ञ, यज्ञापासून पर्जन्य, पर्जन्यापासून अन्न असे चक्र फिरते. आणि मिळालेले परत न देता उपभोगणाऱ्यास चोर म्हटले आहे. परस्परता हा येथे दोष नसून विश्वाचा नियमच आहे. मग सतराव्यातील निषेध कोणाचा? भगवत्पूज्यपाद शंकराचार्यांनी त्या पदाचे विवरण करताना सांगितले आहे की, ज्याला परतफेड करता येत नाही त्यास द्यावे, आणि ज्याला करता येते त्यासही द्यावे, मात्र अपेक्षा न ठेवता. म्हणजे घेणाऱ्याचे सामर्थ्य दानास मलिन करीत नाही. देणाऱ्याची नोंदवही करते. ‘मी हिच्यासाठी चार दुपारी बसले, ही माझ्यासाठी दोनच’ असे मनात आले त्या क्षणी काठ धरलेला हात राजस झाला. चक्र आणि सौदा यांतील भेद इतकाच, आणि इतका मोठा. सौद्यात ज्याला दिले त्याच्याकडूनच यावे लागते. चक्रात शेजारणीला दिलेले कदाचित तिसरीकडून परत येते, कदाचित आपल्या लेकीला तिच्या सासरच्या गावी येते, कदाचित येतच नाही.

तरी त्या स्त्रीच्या मनात ‘माझी वेळ आली तर कोणीतरी येईल’ असा विश्वास असतोच, तो कसा पुसावा? तो पुसू नये. दानाचे हे त्रिविध विवेचन ज्या अध्यायात आहे त्याचे नावच श्रद्धात्रयविभागयोग आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विशिष्ट माणसाकडे लागलेली नजर ही अपेक्षा. माणसांच्या चांगुलपणावर टेकलेले मन ही श्रद्धा. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, आणि कोणती आपली हे ज्याचे त्यालाच तपासावे लागते.

हा विचार घेऊन पुन्हा जयपुरास येऊ. १७२७ मध्ये वसलेल्या या नगराची रजई देशभर प्रसिद्ध आहे, ती तिच्या हलकेपणामुळे. जौहरी बाजारातील व हवामहालाजवळील दुकानदार ती मुठीत दाबून दाखवितात आणि सोडताच ती पुन्हा फुलते. सांगानेर व बगरू येथील छीपा मंडळींनी लाकडी ठशांनी छापलेले कापड तिला बाहेरून असते. आतला कापूस पिंजण्याचा धंदा पुष्कळ अंशी मनसुरी मुसलमान कुटुंबांच्या हाती आहे. कापूस इतका पिंजतात की त्यातील धूळ, गाठी, आखूड तंतू गळून पडतात. मग तो पातळ थरांनी पसरून वेताने हलके झोडपून सारखा करतात. यानंतरचे टाके घरोघरच्या स्त्रिया घालतात.

रजई ऊब निर्माण करीत नाही, हे थोडा विचार केल्यास कळते. तंतूंच्या मध्ये अडकून स्थिर राहिलेली हवा निजणाऱ्याच्याच अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. म्हणून कापूस जितका मोकळा तितकी रजई उबदार; वजन वाढवून ऊब वाढत नाही. देणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. ज्या दानाखाली घेणारा दबतो, ते वजनदार असेल, पण त्याने त्याची स्वतःची ऊब त्याला परत मिळत नाही. उत्तर भारतातील नगरांत बेघरांसाठी रैन बसेरे असतात, आणि थंडीच्या दिवसांत कित्येक सज्जन तेथे पांघरुणे वाटतात. हे पुण्यकर्मच आहे. परंतु थंडीत रांग लावून, एका पांघरुणाचे टोक देणाऱ्याने व दुसरे घेणाऱ्याने धरून छायाचित्र होईपर्यंत त्या म्हाताऱ्यास तिष्ठत उभे करणे, याला अवज्ञेने दिलेल्या दानाचे जे नाव गीतेत आहे तेच द्यावे लागेल.

टाक्यांचेही असेच. त्यांना लोक नक्षी समजतात. वस्तुतः टाका नसेल तर कापूस सरकत सरकत एका कोपऱ्यात गोळा होतो. तेथे ढीग, आणि बाकीची रजई नुसते दुहेरी कापड. कापूस कमी पडलेला नसतो, थांबवून धरणारे कोणी नसते. अपरिग्रहावर लिहिलेल्या जाड ग्रंथापेक्षा न शिवलेली रजई एका रात्रीत अधिक शिकविते.

आता ज्या हातांनी टाके घातले त्यांचा प्रश्न. जयपूरच्या त्या स्त्रिया अंगणातल्या शेजारणी नाहीत. त्या पोटासाठी शिवतात, नगामागे मजुरी घेतात, आणि घरी बसून केलेल्या कामाची मजुरी सर्वत्र असते तशीच तोकडी असते. व्यापारी, अडत्या, दुकानदार यांच्यातून खाली येता येता तिचे काय उरते ते तिलाच ठाऊक. असे असता एखादा भाविक दुकानात घासाघीस करून दहा रजया अर्ध्या किमतीस मिळवितो आणि त्या बसेऱ्यात वाटून समाधानाने घरी जातो. त्याने कोणाला दिले, आणि कोणाकडून घेऊन दिले? जे दुसऱ्याचे देणे आहे ते बुडवून केलेले दान शास्त्राने कधी मानिले नाही. गोधडी शिवणाऱ्यांच्या औदार्याची प्रशंसा करणाऱ्या प्रत्येकाने हे स्मरणात ठेवले पाहिजे, कारण ‘प्रेमाने केलेले काम’ हे शब्द मजुरी न देण्यासाठीही फार सोयीचे पडतात. अंगणातली शेजारीण मोल घेत नाही हा तिचा मोठेपणा. रजईवालीला मोल न देणे हा कोणाचाच मोठेपणा होऊ शकत नाही. आधी तिचे देणे चुकवावे. मग दानाची भाषा बोलावी.

दिवाळी सरत आली म्हणजे उत्तरेकडील गावांतून पिंजारी हिंडू लागतो. मागल्या वर्षीच्या रजया बाहेर निघतात, उसवल्या जातात, दबून घट्ट झालेला कापूस उन्हात पडतो. धनुकलीचा आवाज गल्लीभर घुमतो आणि पांढरा धूर उठावा तसे तंतू उडतात. मग तोच जुना कापूस नव्या खोळीत भरला जातो. कधी त्याच घरी राहतो, कधी लेकीबरोबर तिच्या सासरी जातो, आणि दाराशी बसलेली म्हातारी चष्मा पुसून पहिला टाका घालण्यासाठी सुईत दोरा ओवू लागते.