प्रार्थनेतला ओलावा आटतो तेव्हा

"फादर, माझी भक्ती आटली," धर्मग्रामातील एक भगिनी मला एकदा म्हणाल्या. पूर्वी जपमाळ हाती घेतली की त्यांचे डोळे भरून येत. आता ओठ हलतात आणि मन चुलीपाशी असते. आपले काहीतरी चुकले, देव दुरावला, ही बोच त्यांना झोपू देत नव्हती. मी त्यांना नोव्हेना करण्यास सांगितले आणि पुढच्या कामाला लागलो. तो सल्ला अपुरा होता, असे आज मला वाटते.

प्रार्थनेत गोडी वाटणे हे आध्यात्मिक वाढीचे माप आहे काय? आपण नकळत तसेच मानतो. तपसाधनेहून परतलेला तरुण भारावलेला दिसला की त्याची श्रद्धा वाढली असे म्हणतो. वर्षानुवर्षे मागच्या बाकावर निमूटपणे बसणाऱ्या माणसाविषयी तसे कोणी बोलत नाही. करिंथ येथील मंडळीत कृपादानांचा सुकाळ होता, तरीही संत पौलाने त्यांना ख्रिस्तामधील बाळकेच म्हटले. कारण त्यांच्यात हेवा आणि कलह होता. त्याने वाढ मोजली ती उत्साहावरून नव्हे, तर परस्परांशी असलेल्या वर्तनावरून. (सेमिनरीच्या पहिल्या वर्षी पवित्र साक्रामेंतापुढे माझा तास कसा सरे, ते मला कळत नसे. आज प्रहरप्रार्थना म्हणताना घड्याळाकडे लक्ष जाते, हेही कबूल केले पाहिजे.)

लिझ्यूच्या संत तेरेझाच्या जीवनात ही वाढ तारखेनिशी सापडते. १८८६ च्या नाताळची रात्र. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून कुटुंब घरी आले. लहान मुलांच्या बुटांत भेटवस्तू ठेवण्याचा तिकडचा रिवाज. थकलेले वडील काहीशा त्राग्याने म्हणाले की, बरे झाले, हे शेवटचेच वर्ष. जिना चढणाऱ्या तेरेझाने ते ऐकले. चौदा वर्षे पूर्ण व्हायला आठवडा उरलेली ही मुलगी एरवी शब्दाशब्दाला रडणारी. त्या रात्री तिने अश्रू गिळले, ती खाली आली आणि वडिलांसमोर हसतमुखाने तिने एकेक भेट उघडली. त्या घटनेला ती पुढे आपले परिवर्तन म्हणत असे. त्यात साक्षात्कार नव्हता, दिव्य वाणी नव्हती. एका थकलेल्या माणसाचा आनंद आपल्यामुळे मावळू नये, एवढेच होते.

पुढे कार्मेल मठात तिला प्रार्थनेच्या वेळी झोप येई, एकटीने जपमाळ म्हणणे जड जाई. १८९६ च्या ईस्टरच्या सुमारास तर तिच्या श्रद्धेवरच अंधार दाटला. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या २४ व्या वर्षी, ती वारली तोवर त्याने तिची पाठ सोडली नाही. मठातील एक भगिनी तिला स्वभावतः नकोशी वाटे. तेरेझा तिच्याशी इतकी हसून वागे की, हिला माझ्यात एवढे काय आवडते, असा त्या भगिनीलाच प्रश्न पडला! अशा या मुलीला १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेची आचार्य घोषित केले.

तथापि प्रत्येक कोरडेपणा म्हणजे परिपक्वता, असे म्हणून मी आळसाला आशीर्वाद देणार नाही. क्रूसाचे संत योहान यांनी या बाबतीत काही खुणा सांगितल्या आहेत. त्यांपैकी एक अशी की, ज्याची भक्ती निव्वळ थंडावली आहे त्याला त्याची खंत नसते. ज्याला देव पुढच्या वाटेने नेत असतो त्याला मात्र आपण मागे पडलो, ही टोचणी सतत लागून राहते. त्या भगिनींची बोच मी रोग समजलो होतो.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी त्यांच्या घरी गेलो. सासूबाई सहा वर्षे अंथरुणाला खिळलेल्या. सून त्यांचे अंग पुसत होती आणि म्हातारी तिलाच बोल लावत होती: पाणी गार आहे, तुझा हात जड आहे. सुनेने पाणी बदलून आणले. चेहऱ्यावर त्रागा उमटला नाही असे नाही. तो त्यांनी आवरला. मला ती नाताळची रात्र आठवली.

निघताना त्या अंगणात अपराधी स्वरात म्हणाल्या, "फादर, नोव्हेना पाचव्या दिवशीच तुटली. त्या रात्री सासूबाईंना ताप होता."

"तुटली नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे साशंकतेने पाहिले. मला आणखी समजावून सांगायचे होते, पण तेवढ्यात आतून हाक आली आणि पदराला हात पुसत त्या घरात गेल्या.